बाप बसलेला असताना मिशी काढायची नाही : खान्देशातल्या दाढी-मिशांचा धागा

गिरणाकाठ

भडगाव-पाचोऱ्याकडच्या कुठल्याही जुन्या घरात जा आणि ओसरीवरच्या फोटोंची रांग एका टोकापासून बघत या. पणजोबांना गलमिशा. आजोबांना झुपकेदार मिशा. वडिलांना ओठावर कोरलेली बारीक मिशी. धाकट्या काकांचा चेहरा सफाचट. आणि शेवटच्या रंगीत फोटोतल्या नवरदेवाला अशी भरगच्च दाढी, की मुंडावळ्या बांधताना मामाची पंचाईत झाली असावी. चार पिढ्यांत एवढी उलथापालथ. पण यातल्या किती जणांनी आरशात बघून स्वतः ठरवलं असेल? माझं मत असं की चेहरा आपला असला तरी त्यावरच्या केसांचा मालक बहुतेक वेळा दुसराच कुणीतरी होता. बाप, भाऊबंद, सरकार, साहेब, आणि आता मोबाइल. या मालकांबद्दलच हा धागा.

सुरुवात बापापासून करतो, कारण आपल्याकडे त्याचा हक्क सगळ्यात जुना. कॉलेजला गेलेलं पोर सुट्टीत मिशी काढून घरी आलं की ओट्यावरचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "तुना बाप बठेल शे ना आजून?", म्हणजे तुझा बाप अजून बसलेला, जिवंत आहे ना? बाप हयात असताना मिशी काढणं म्हणजे त्याचं मरण चिंतणं. बाप गेल्यावर दहाव्याला नदीकाठी न्हावी बसायचा, मुलं आणि भाऊबंदकीतली माणसं ओळीनं डोई आणि मिशी उतरवायची, मग गंधमुक्ती व्हायची. त्यामुळे बाजारात एखाद्याचा वरचा ओठ कोरा दिसला की लोक आवाज खाली आणून बोलायचे. पत्रिका छापायची गरज नव्हती, दुखवटा तोंडावरच लिहिलेला असे.

हे फक्त खेड्यातल्या अडाण्यांचं खूळ आहे असं समजू नका. धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांत 'जीवत्पितृक', म्हणजे ज्याचा बाप जिवंत आहे त्याने, मुंडन, पिंडदान आणि प्रेतकर्म ही तीन कामं करू नयेत असा निषेध आहे. त्याच दमात गरोदर बाईच्या नवऱ्यालाही तोच निषेध. बायकोला दिवस गेले की दाढी न करणारे नवरे आपल्याकडे अजून दिसतात. त्यांना वाटतं ही सासूची टूम.

आणि या बापामुळे भारतातल्या पहिल्या मोठ्या चित्रपटाचं काम अडायची वेळ आली होती. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, म्हणजे शेजारचेच. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये राणी आणि तिच्या सख्या पुरुषांनीच केल्या, कारण बाया मिळेनात. ही मंडळी नऊवारी नेसायला तयार झाली, मिशी काढायला होईनात. कारण हेच, बाप गेल्याशिवाय मिशी कशी उतरवायची? लुगडं चाललं, कोरा ओठ चालला नाही. मला हा तपशील फार बोलका वाटतो.

तुमच्याकडचं सांगा. फक्त 'दाढी ही शान' छापाचे फॉरवर्ड नकोत.

शेवभाजी

पहिला नंबर मना! भो, आमना घरमा उलटं व्हतं. आजोबाले मिशीना इतला नाद, की जेवताना वरणनी वाटी लांब धरेत. मिशी वरणमा गई का आजी बोंबले. आते नातू दाढीले तेल लावस आन आजोबानी मिशीले कोनी इचारत नही.

(संपादक, अहिराणी चालते ना इथं?)

संपादक मंडळ

चालते, धावते. विषय सोडू नका एवढंच.

तापीपल्याड

गिरणाकाठ, छान धागा. मी रावेरचा. रावेर ओलांडलं की बऱ्हाणपूर. आज ते मध्य प्रदेशात असलं तरी जुन्या खान्देश सुभ्याची ती राजधानी, त्यामुळे तिथली एक दाढी मी हक्काने या धाग्यात आणतो.

१६३१ च्या जून महिन्यात शाहजहान दख्खनच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपुरात मुक्कामाला होता. तिथं चौदाव्या बाळंतपणात मुमताज गेली. तिला आधी तापीच्या पलीकडच्या काठावर जैनाबादच्या बागेत पुरलं, त्याच वर्षाच्या अखेरीस शव आग्र्याला नेलं. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पण दरबारी इतिहासकारांनी बादशहाचं दुःख कशात मोजलं ते बघा. त्यांनी लिहून ठेवलंय की आधी त्याच्या दाढीत जेमतेम दहाबारा पांढरे केस होते आणि ते तो उपटून टाकत असे. मुमताज गेल्यावर थोड्याच दिवसांत दाढीचा तिसरा हिस्सा पांढरा झाला. दरबारी लिखाणात अतिशयोक्ती असणारच, रातोरात केस पांढरे होण्याच्या गोष्टी जगभर आहेत. पण ताजमहालाच्या आधी त्या दुःखाची पहिली नोंद दाढीवर झाली आणि ती आपल्या तापीकाठी झाली.

मजा म्हणजे याच घराण्यात दाढी पक्की नव्हती. अकबराची चित्रं बघा, दाढी नाही, फक्त मिशी. जहांगीरही मिशी आणि कल्ल्यांवर भागवतो. शाहजहानपासून दाढी परतली. औरंगजेबानं तर तिचं मापच ठरवलं. मनूची हा व्हेनिसचा माणूस त्या काळी इथं होता. तो सांगतो की चार बोटांपेक्षा लांब दाढी ठेवायची नाही असा हुकूम निघाला आणि ती मोजून जादाची कापायला माणसं नेमली. चौकात उभा असलेला सरकारी नोकर, एका हातात कात्री, दुसऱ्या हाताची चार बोटं तुमच्या हनुवटीखाली! गिरणाकाठ, तुमच्या मालकांच्या यादीत हा घ्याच.

औरंगजेब हयात असतानाच तिकडे रशियात पीटर राजा उलटा हट्ट धरून बसला होता. युरोप फिरून १६९८ मध्ये परत आला आणि सरदारांच्या दाढ्या स्वतःच्या हाताने कापू लागला. पुढे ज्याला दाढी ठेवायची त्याने कर भरायचा आणि भरल्याचा बिल्ला जवळ बाळगायचा अशी सोय केली. बिल्ल्यावर नाक, मिशी, दाढी कोरलेली आणि वर मजकूर, 'पैसे घेतले'. एक बादशहा दाढी लांब झाली म्हणून कापतो, दुसरा ती मुळात आहे म्हणून.

खळं

तापीपल्याड, मनूची वाचायला मजेदार, पण कानावर आलेलं सगळं लिहून ठेवायचा. जपून घ्या.

मला दुसराच मुद्दा मांडायचाय. आमच्या तालुक्याच्या ठिकाणी दाढी बघून माणसाचा धर्म ओळखायची एक घाणेरडी सवय लागली आहे. सतराव्या शतकातल्या दख्खनमध्ये हे जमलं नसतं. शिवाजी महाराजांच्या हयातीतली किंवा त्या सुमाराची जी चित्रं युरोपातल्या संग्रहांत आहेत, त्यांत महाराजांना टोकदार दाढी आहे. समोर आदिलशाही आणि मोगल सरदार आहेत, त्यांनाही दाढी आहे. फरक कापण्यात, पगडीत आणि अंगरख्याच्या बंदात असेल, दाढी असण्या-नसण्यात नव्हता.

उलट दाढी हीच ओळख असल्यामुळे ती काढणं म्हणजे वेशांतर. १६६६ मध्ये आग्र्याहून निसटल्यावर महाराजांनी मथुरेला दाढी-मिशी उतरवून अंगाला राख फासली, असं मोगल इतिहासकार खाफीखान लिहितो. आणि त्याआधी १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज निघाले तेव्हा त्यांच्या जागी पालखीत बसून मरण पत्करणारा शिवा काशिद. त्याची परंपरा नाभिक समाजातली सांगतात. राजासारखा चेहरा घडवायचा तर दाढी हुबेहूब हवी, आणि हनुवटीवरची ती रेघ त्याच्याइतकी कुणाला कळणार? हा माझा तर्क, पण मला पटतो.

पुढे पेशव्यांच्या चित्रांत दाढी गायब होते. मिशी राहते. ब्राह्मणी घरात नेमानं क्षौर, त्याची छाप पुण्यातून सगळीकडे पसरली असणार. आपल्या आजोबा-पणजोबांच्या फोटोत मिशी आहे पण दाढी नाही, त्याचं मूळ मला तिथं दिसतं.

गिरणाकाठ

खळं, शेवटच्या मुद्द्यावर थोडं अडतो. पुण्याची छाप सरदार-कुलकर्ण्यांवर पडली असेल. शेतकऱ्याच्या चेहऱ्याचा हिशेब गावच्या न्हाव्याच्या फेरीवर चालायचा. दोन फेऱ्यांच्या मधे सगळेच दाढीवाले. फोटो मात्र हजामत करून काढलेला, त्यामुळे आपल्याला कायम गुळगुळीत गालच दिसतात.

सहाण

धागा वाचतोय कालपासून. आमचं सलून आहे एरंडोल बाजूला, म्हणून लिहितो. लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

गिरणाकाठ बोलले ते बरोबर. माझे वडील बलुतं करायचे. धोकटीत वस्तरा, कात्री, फणी, नराणी, पितळेची वाटी आणि आरसा. साबण नाही. पाणी लावून गाल आणि हनुवटी एवढा वेळ चोळायचे की केस आपोआप मऊ पडायचे. मग वस्तरा सहाणेवर, नंतर चामड्याच्या पट्ट्यावर, शेवटी तळहातावर. घरं वाटून घेतलेली असत आणि वारही. कोणाची कोणत्या वारी हे ठरलेलं. सोमवार, शनिवार, अमावास्या आणि स्वतःच्या जन्मवारी लोक करत नसत, मग उरलेल्या वारांत गर्दी. पैसे नाहीत. खळ्यावर दादर, म्हणजे ज्वारी, निघाली की धान्य. पीक बुडालं की आमचं बलुतंही बुडालं, पण दाढ्या थांबत नव्हत्या. दिवाळीत आरसा दाखवायला घरोघर जायचं, ओवाळणी मिळायची.

लग्नात न्हावी लागायचा, मयतीत लागायचा, जावळाला लागायचा. मिशीचं तुम्ही लिहिलं ते खरं आहे. दहाव्याला वडिलांचा नियम होता, थोरल्या मुलाची मिशी आधी. काही जण मिशीला वस्तरा लागला की तिथंच रडायचे. स्मशानात न रडलेले सुद्धा.

माझ्या वेळेपर्यंत सगळं बदललं. वस्तऱ्याचं पातं गेलं. एड्सची भीती पसरली तेव्हा गिऱ्हाईक विचारू लागलं, पातं नवं आहे का? तेव्हापासून ब्लेड मधोमध मोडायचं आणि अर्धं वस्तऱ्यात बसवायचं, गिऱ्हाइकाच्या समोर. एका ब्लेडमध्ये दोन दाढ्या. नंतर तुरटीचा खडा. हा खडा सगळ्यांना एकच फिरवायचे पूर्वी, आता स्प्रे आला.

श्रावणाचं कोणीच बोललं नाही. श्रावण म्हणजे आमचा उन्हाळा. अर्ध्याहून जास्त गिऱ्हाईक दाढी-कटिंग बंद करतं. कारागीर गावी जातात. पोळ्यानंतर मात्र खुर्ची रिकामी राहत नाही. त्याच श्रावणात वद्य द्वादशीला आमच्या संत सेना महाराजांची पुण्यतिथी असते, दुकानं बंद ठेवून पालखी निघते. महाराजांनी अभंगात आमच्याच धंद्याची हत्यारं घेतली, विवेकाचा आरसा दाखवू आणि वैराग्याचा चिमटा हलवू म्हणाले. लहानपणी वाटायचं हे किती सोपं आहे. चिमटा हलवून बघा मग कळतं.

कापूसकोंड्या

सहाणदादा, दंडवत. 'श्रावण म्हणजे आमचा उन्हाळा' लिहून ठेवतो.

पण श्रावणात दाढी का नाही? पावसाळ्यात वस्तऱ्याची जखम चिघळते म्हणून पूर्वजांनी 'शास्त्रीय' नियम केला, असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं. खरं आहे?

तापीपल्याड

मग आषाढात आणि भाद्रपदात जखम चिघळत नाही का? व्रत म्हणजे एखादी सुखाची गोष्ट सोडणं. मांस सोडतात, कांदा-लसूण सोडतात, तशी हजामत सोडतात. प्रत्येक व्रताला डॉक्टरचं सर्टिफिकेट कशाला लागतं ते मला कळत नाही.

लळिंगवाट

सगळे बलुत्याच्या आठवणीत रमले आहेत म्हणून नाइलाजाने लिहितो. सहाणदादांवर राग नाही, त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंय. पण गावच्या न्हाव्याची ती धोकटी सगळ्यांसाठी उघडत नव्हती. आमच्या वस्तीत कुणी बलुतेदार न्हावी दाढी करायला येत नसे. आमची माणसं एकमेकांची हजामत करायची, वस्तीतलाच एखादा हात बसलेला माणूस असायचा. माझ्या वडिलांनी न्हाव्याच्या खुर्चीत बसून पहिली दाढी केली ती धुळ्याला शिकायला गेल्यावर. ते सांगायचे, गळ्याभोवती फडकं बांधलं तेव्हा छाती धडधडत होती, आता हा जात विचारणार म्हणून.

आणि मिशीला पीळ देण्याचा हक्कही सगळ्यांना नव्हता. पाटलासमोर मिशी खाली. हे जुनं झालं म्हणाल, तर २०१७ मध्ये शेजारच्या गुजरातेत, गांधीनगरजवळच्या लिंबोदरा गावात मिशी ठेवली म्हणून दलित तरुणांना मारहाण झाल्याच्या बातम्या होत्या. त्यावर तिथल्या पोरांनी मोबाइलवर आपले मिशीवाले फोटो लावले, खाली मुकुट आणि पिळदार मिशीचं चित्र. गिरणाकाठ, तुमच्या मालकांच्या यादीत गावकी राहिली होती.

सहाण

लळिंगवाट भाऊ, खरं आहे. वडिलांच्या तोंडून ऐकलंय. ते म्हणायचे, मी हात लावला असता तर पाटलांनी दुसऱ्या दिवशी मला ओट्यावर चढू दिलं नसतं, बलुतं बंद. पोटासाठी गप्प बसलो म्हणायचे. आता आमच्या दुकानात असं काही नाही, पण होतं ते होतंच.

आखाजीचा झोका

इतका वेळ वाचतेय. बाप्यांच्या मिशांवर एवढं बोललात, आता जरा बायांकडे या.

ज्या वस्तऱ्याने दहाव्याला मुलाची मिशी उतरवली, त्याच वस्तऱ्याने ब्राह्मण आणि काही वरच्या म्हणवणाऱ्या घरांत विधवेचं डोकं भादरलं जायचं. मुलाची मिशी महिन्यात परत यायची. तिचे केस वाढले की न्हावी परत यायचा, ती मरेपर्यंत. याला पहिला सरळ नकार कुणी दिला? शास्त्र्यांनी नाही, नाभिकांनी दिला. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या केसांना वस्तरा लावायचा नाही असं ठरलं. लोखंडे सत्यशोधक, गिरणी कामगारांचे पुढारी. ज्यांचं पोट त्यावर होतं त्यांनी हत्यार खाली ठेवलं. शाळेच्या पुस्तकात हे एक ओळीत संपतं.

दुसरं. चेहऱ्यावर केस बायांनाही येतात. आमच्या वर्गात एका मुलीला ओठावर लव होती, तिला पोरं जे नाव ठेवायची ते इथं लिहीत नाही. बघायला आलेल्यांनी तिला उजेडात बसवून पाणी द्यायला लावलं होतं. मुलाला दाढी फुटली की घरात कौतुक, मिसरूड फुटलं म्हणून पेढे वाटायचेच बाकी. मुलीला फुटलं की बेसन आणि हळद चोळ, कुणाला सांगू नको. पुढे कळतं की यामागे संप्रेरकांची गडबड असू शकते, पीसीओएस असतो, त्यावर उपचार असतात. आधी मात्र दोरा. जळगावात आता गल्लोगल्ली पार्लर आहेत, तिथं आयब्रोसोबत अप्पर लिप ठरलेलं. तो दोरा ओठावर फिरताना डोळ्यांत जे पाणी येतं, ते एकदा मिशीला ताव देणाऱ्यांनी अनुभवावं.

आणि राणीचं सोंग! फाळक्यांच्या नटांनी मिशी काढायला एवढे आढेवेढे घेतले. आमच्याकडच्या तमाशातल्या, वहीगायनातल्या स्त्रीपार्टी करणाऱ्या माणसाला मात्र वर्षभर मिशीशिवाय गावात वावरावं लागायचं. त्याचा बाप जिवंत असला तरी. त्याला कुणी 'बाप बठेल शे ना' विचारलं नाही, दुसरंच काहीबाही म्हणाले.

शेवभाजी

ताई, पानी देवाना तो किस्सा वाचीसन वाईट वाटनं.

गिरणाकाठ

आखाजीचा झोका, स्त्रीपार्टीचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. फाळक्यांची गोष्ट मी इतक्यांदा सांगितली असेल, पण गावच्या फडात तेच रोज घडत होतं.

लोकोशेड

भुसावळहून. रेल्वेतून निवृत्त, त्याआधी काही वर्षं फौजेत. सरकार नावाच्या मालकावर मी लिहितो, तो माझ्या ओळखीचा आहे.

इंग्रजांनी आधी काय केलं? १८०५ च्या नोव्हेंबरात मद्रास फौजेत हुकूम काढला, गंध लावायचं नाही, दाढी ठेवायची नाही, मिशी ठरल्या मापात. सोबत चामड्याची पट्टी असलेली नवी पगडी. १० जुलै १८०६ ला वेल्लोरच्या किल्ल्यात शिपायांनी उठाव केला. १८५७ च्या काडतुसाची गोष्ट पोरालाही ठाऊक असते, त्याच्या पन्नास वर्षं आधीचा हा दणका मात्र विसरला गेला.

मग गंमत झाली. इथल्या माणसांत राहून साहेबाला कळलं की सफाचट ओठाला इथं मान नाही. १८५४ मध्ये कंपनीच्या मुंबई फौजेत गोऱ्या सैनिकांना मिशी सक्तीची झाली. म्हणजे आपलाच इलाखा. त्याच सुमारास क्रिमियाच्या थंडीतून दाढीवाले शिपाई विलायतेत परतले आणि तिकडेही दाढीची लाट आली. पुढे साऱ्या ब्रिटिश फौजेचा नियम असा की हनुवटी आणि खालचा ओठ भादरायचा, वरचा नाही. तो नियम रद्द झाला ऑक्टोबर १९१६ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना. विषारी वायूचा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसावा लागतो, दाढी असली की फटीतून वायू आत येतो, हेही त्या युद्धातच कळलं. नौदलाचा तिसराच कायदा. १८६९ पासून ब्रिटिश नौदलात दाढी चाले, पण दाढी आणि मिशी दोन्ही मिळून. नुसती मिशी ठेवाल तर चालणार नाही.

घरच्या घरी दाढी करायची सवयही फौजेनंच पसरवली. जिलेट कंपनीनं १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, ५१ रेझर आणि १६८ पाती विकली. महायुद्धात अमेरिकन फौजेनं शिपायांना सेफ्टी रेझर वाटले, शिपाई घरी परतले आणि सवय घेऊन गेले. आपल्याकडे रेल्वे कॉलनीत मी लहानपणी बघितलेलं, सकाळी खिडकीत टांगलेला आरसा, कप, ब्रश, गालावर फेस. गावातल्या आजोबांना ते विचित्र वाटायचं. स्वतःच्या हाताने स्वतःची हजामत कोणी करतं का?

आजही वर्दीत हा प्रश्न संपलेला नाही. वायुसेनेतल्या एका मुस्लिम जवानाला दाढी ठेवण्यावरून सेवेतून काढलं होतं, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर २०१६ मध्ये न्यायालयानं वायुसेनेची बाजू उचलून धरली. नियम असा की ज्या धर्मात केस कापायला किंवा दाढी करायला मनाई आहे त्यालाच सूट. शीख जवानांना ती मिळते.

खळं

लोकोशेड काका, १८०६ ला दाढी काढा आणि १८५४ ला मिशी ठेवा, हे एकाच कंपनीचं? वा रे सरकार.

सातमाळा

उशिरा आलो. अजिंठा कुणी काढलं नाही याचं आश्चर्य वाटलं. जळगावहून फर्दापूरपर्यंत एसटीने जाता येतं, तरी आपली माणसं पाहुणे आल्याशिवाय जात नाहीत.

पहिल्या लेण्यात पद्मपाणी बघतात आणि निघतात. मान वर करून छत बघा. तिथल्या चौकटीत टोकदार टोप्या घातलेली, दाढीवाली परदेशी माणसं बसलेली आहेत, हातात पेला. इराणी असावीत असं अभ्यासक म्हणतात. खाली भिंतीवर बोधिसत्त्व, राजे, राजपुत्र, सगळ्यांचे गाल कोवळे. म्हणजे त्या चित्रकारांच्या डोळ्यांना दाढी ही परक्या व्यापाऱ्याची आणि वनात राहणाऱ्या ऋषीची खूण. आपले देवही तसेच बघा. राम, कृष्ण, विठ्ठल यांना दाढी-मिशी नाही, ब्रह्मदेवाला दाढी, आणि खंडेरावाला मिशी. खंडेराव घोड्यावर बसून तलवार चालवणारा, त्याला मिशी नसेल तर भक्त ओळखणार नाहीत.

शिवाय आपल्याकडच्या जैन घरांना विचारा. त्यांचे मुनी वस्तरा लावतच नाहीत. डोक्याचे आणि दाढीचे केस हाताने उपटतात, केशलोच म्हणतात. मी एकदा समारंभात बसून बघितलंय. राख चोळून चिमूटभर केस धरून ओढायचे, चेहऱ्यावर रेघ नाही. धाग्यात बाप, सरकार, गावकी असे मालक आले. इथं हिशेब निराळा आहे, केसाची मालकीच सोडून द्यायची.

कापूसकोंड्या

सातमाळा, सुंदर.

आता माझा साधा प्रश्न सहाणदादांना. हल्ली सगळी पोरं दाढी ठेवतात. मग तुमचा धंदा बसला का?

सहाण

नाही हो. लोकांना वाटतं तसं. सरळ दाढीला दहा मिनिटं लागतात आणि तिचा दर वर्षानुवर्षं वाढत नाही, चार रुपये वाढवले तरी गिऱ्हाईक कुरकुरतं. दाढी सेट करायला अर्धा तास. गालावरची रेघ, गळ्याखालची रेघ, कल्ल्याकडून बारीक करत आणायचं, ट्रिमरचे नंबर, मग काहींना रंग, तेल. त्याचे पैसे जास्त आणि कुरकुर नाही. पोरं मोबाइलवर फोटो घेऊन येतात, असं पाहिजे म्हणतात. फोटोतल्याची दाढी दाट, याच्या गालावर चार ठिकाणी खळं पडलेलं. हे समजावून सांगण्यात वेळ जातो.

धंदा बसला होता तो २०२० ला. मार्चपासून दुकानं बंद. जूनच्या शेवटी सरकारनं परवानगी दिली ती फक्त कटिंगची, दाढीला मनाई. मास्क काढल्याशिवाय दाढी होत नाही म्हणून. तीन महिने वाट बघून गिऱ्हाईक आलं, कटिंग केली आणि दाढी तशीच घेऊन घरी गेलं. माझ्या मते तेव्हाच खूप जणांना दाढीची सवय लागली. घरच्यांनाही डोळ्याला सवय झाली. त्याआधी सासरे लोक लग्न ठरवताना म्हणायचे, पोराला सांगा दाढी काढून ये. आता ते स्वतःच सेट करायला येतात.

आखाजीचा झोका

आणि नवरदेवाची दाढी उरकेस्तोवर नवरी दोनदा तयार होऊन बसते. परवाच्या लग्नात मुहूर्त चुकला, भटजी चिडले, आणि कारण विचारलं तर म्हणे रेघ एका बाजूला वर गेली होती.

सहाण

ताई, मग दुसरी बाजूही वर घ्यावी लागते. त्यात वेळ जातो. रेघ एकदा वर गेली की खाली येत नाही.

शेवभाजी

म्हनीसन म्या दाढीच ठेवी नही.